घरासकट शर्यत

आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, माहेरी गेले की अंगणातल्या कडुलिंबाला टांगलेला झोका आणि गच्चीवर वाळत घातलेल्या कुरडया, या दोन गोष्टी मला हमखास भेटतात. अमळनेर तालुक्यातल्या आमच्या गावाला समुद्राशी काही देणेघेणे नाही. पाणी म्हणजे तापी, आणि तीही या दिवसांत इतकी आटलेली की तिच्या वाळूत टरबुजांचे वेल पसरलेले असतात. अशा गावी यंदा माझी भाची, म्हणजे धाकट्या भावाची मुलगी, दोन्ही तळहातांना दोरखंडाचे घट्टे पाडून आली. मुंबईत बँकेत नोकरी करणारी ही मुलगी दर रविवारी सहा मैत्रिणींसह शिडाच्या यॉटवर जाते आणि शर्यतीत उतरते. त्यांच्यात एक दंतवैद्य आहे, एक शाळेत गणित शिकवते, बाकीच्या संगणकावर काम करतात. खलाशाच्या घरात जन्मलेली त्यांत एकही नाही.

त्यांची बोट मुळात शर्यतीची नव्हेच. ती क्रूझिंग यॉट आहे, म्हणजे कुटुंबाने सावकाश चार बंदरे पाहत फिरावे म्हणून बांधलेली. तिच्या पोटात निजण्याचे फळके आहेत, संडास आहे, पाण्याची टाकी आहे आणि गॅसची शेगडीही आहे. ही शेगडी दोन बाजूंच्या खिळींवर झोक्यासारखी टांगलेली असते. बोट एका अंगावर कलली तरी शेगडी आपली पातळी सोडत नाही आणि पातेल्यातली डाळ सांडत नाही. आईला सगळ्या वर्णनात पटली ती एवढीच गोष्ट. लगेच तिने विचारले, "मंग सैपाक कोन करस?" शर्यतीत कोणीच करत नाही, केळी आणि चिवडा खातो, असे उत्तर मिळाल्यावर तिचा त्या नावेबद्दलचा आदर बराच उतरला.

घर घेऊन पळायचे तर हलक्या, खास शर्यतीसाठी बांधलेल्या बोटींपुढे निभाव कसा लागणार, ही माझी शंका होती. त्यावर हिशेबाची तोड काढलेली आहे. बोटीची लांबी, वजन, शिडांचे क्षेत्रफळ पाहून तिला एक गुणांक देतात आणि प्रत्यक्ष लागलेल्या वेळेला त्याने गुणतात. 0.900 गुणांकाची बोट 100 मिनिटांत आली तर तिचा वेळ 90 मिनिटांचा धरला जातो, आणि 1.000 गुणांकाची बोट 92 मिनिटांत, म्हणजे डोळ्यांदेखत आठ मिनिटे आधी पोहोचूनही हरते. मला हा न्याय फार आवडला. घरचे आवरून, डबे भरून साडेनऊला कार्यालयात पोहोचणाऱ्या बाईलाही असा एखादा गुणांक मिळायला हरकत नव्हती.

स्वयंपाकाचा विषय निघालाच होता, म्हणून तिने ट्रेसी एडवर्ड्‌स या इंग्रज बाईची हकिगत सांगितली. व्हिटब्रेड या जगप्रदक्षिणेच्या शर्यतीत ती 1985-86 साली एका बोटीवर आचारी होती. पुढे तिने घर गहाण टाकून 58 फुटांची एक जुनी बोट घेतली, तिचे नाव 'मेडन' ठेवले आणि 1989-90 च्या शर्यतीत केवळ बायकांचा चमू उतरवला. ही बोट पहिला टप्पाही पुरा करणार नाही, असे तेव्हा अनेक जाणकारांचे म्हणणे होते. मेडनने आपल्या वर्गात दोन टप्पे जिंकले आणि त्याच वर्गात एकूण दुसरा क्रमांक मिळवला. आपल्या नौदलाच्या सहा अधिकारी स्त्रिया 2017 च्या सप्टेंबरात 'तारिणी' घेऊन गोव्याहून निघाल्या आणि पृथ्वीला वळसा घालून 254 दिवसांनी गोव्यातच परतल्या, हे मला ठाऊक होते. त्यांच्यातल्या पायल गुप्ता पुढे त्याच मेडनवर गेल्या आणि 2024 मध्ये मेडनने ओशन ग्लोब ही जगप्रदक्षिणेची शर्यत जिंकली, तीही गुणांकाने दुरुस्त केलेल्या वेळेवरच, हे मात्र मला भाचीकडून कळले.

वाऱ्याच्या तोंडावर बोट चालते कशी, हे समजावताना तिने ताटलीतली टरबुजाची ओली बी उचलून दोन बोटांत दाबली. बी सटकन पुढे उडाली. एक बोट म्हणजे शीड आणि दुसरे म्हणजे तळाखालचे जड पाते. वारा आणि पाणी यांच्या चिमटीत सापडून बोट पुढे सरकते. अगदी समोरून वारा असेल तर मात्र तिला नागमोडी जावे लागते आणि प्रत्येक वळणाला शीड एका बाजूकडून दुसऱ्या बाजूला घ्यावे लागते. सुकाणूवरची विचारते, "तयार?" सगळ्या "तयार" म्हणाल्या की ती बोट वळवते, त्याच क्षणी एकीने इकडचा दोर सोडायचा आणि दुसरीने तिकडचा ओढून विंचच्या, म्हणजे दोर आवळायच्या चरकाच्या, पिंपावर गुंडाळायचा. सोडणारी उशिरा सोडेल तर बोट वाऱ्यात अडकते, लवकर सोडेल तर शीड नुसते फडफडते. एकदा तिनेच घाईने वेढ्यावर वेढा चढवला, दोर दाढेत धरल्यासारखा आवळला गेला आणि तो मोकळा होईपर्यंत तीन बोटी पुढे निघून गेल्या.

हे ऐकत असताना खाली चुलीवर गव्हाचा चीक शिजत होता आणि कोणीही न विचारता, न सांगता काकू सोऱ्या भरत होती, वहिनी दाबत होती आणि आईचा हात दोरीसारख्या उतरणाऱ्या चिकाला गोल वळण देत होता. चीक निवला तर सोऱ्यातून उतरत नाही, त्यामुळे थांबायला सवडच नसते. भाचीने सोऱ्या दाबायला घेतला आणि पहिलीच कुरडई मध्ये तुटली. घट्टे पडलेल्या हातांचे तिथे काही चालले नाही.

निघण्याच्या आदल्या संध्याकाळी तिने मला आणखी एक गोष्ट सांगितली. शर्यतीच्या आदल्या दिवशी त्या बोटीतले घर उतरवतात: गाद्या, भांडी, जादाचा नांगर, पुस्तके, आणि टाकीतले पाणीही गरजेपुरते ठेवून बाकीचे काढतात, कारण दोनशे लिटर पाणी म्हणजे दोनशे किलो, जवळजवळ तीन माणसे. कोणती वस्तू गरजेची, यावरून मात्र दर वेळी भांडण होते. चहाची किटली आजवर एकदाही उतरलेली नाही.

सकाळी आईने कुरडयांचा मोठा डबा तिच्या हाती दिला. वजन चालत नाही, असे ती म्हणू लागताच आई म्हणाली, "कुरडयास्ले काय वजन रहास?" यावर भाचीने डबा निमूटपणे पिशवीत ठेवला. कढई शर्यतीआधीच किनाऱ्यावर उतरते, हे काही तिने आजीला सांगितले नाही.