लाइट गेली अन् मोटर उलटी फिरली

साक्रीकडे एका गावात मोटरीच्या कामाला गेलो होतो. आबांच्या शेताला लागून बंद पडलेली दगडाची खदान आहे, पावसाळ्यात तुडुंब भरते, तिच्यातून साडेसात एचपीच्या मोनोब्लॉक पंपाने पाणी टेकाडावरच्या शेततळ्यात चढवतात, उंची साधारण २० मीटर. तक्रार एकच, रात्री तळं भरावं अन् सकाळी बघावं तर उतरलेलं. तळ्याचा प्लास्टिक कागद फाटला असेल म्हणून दोनदा तपासून झाला होता.

मोटर चालू करून अँपिअर बघत होतो तेवढ्यात लाइट गेली. आवाज बंद झाला, अन् थोड्या वेळात परत सुरू, वेगळाच, गुरगुरल्यासारखा. आबांचा नातू ओरडला, "आबा, हाई मोटर उलटी फिरी ऱ्हायनी!" खरंच उलटी. मी पहिले पळत जाऊन ऑटो, म्हणजे लाइट आली की मोटर आपोआप सुरू करणारा स्विच, बंद केला, तशा फिरत्या मोटरीवर लाइट आली असती तर शाफ्टच गेला असता. पाइपाचं तोंड तळ्यात बुडालेलं होतं, ते वर उचलायला लावलं, मग फूटव्हॉल्व्ह, म्हणजे खदानीतल्या पाइपाच्या टोकाची पाणी परत जाऊ न देणारी झडप, ओढून काढला तर झडपेत बोराएवढा गिट्टीचा खडा. अख्खं तळं पंपातून उलटं खदानीत उतरत होतं.

आबा म्हणे, मग यातून लाइट बनेल का? बनते आबा, घाटघरच्या वीज प्रकल्पात तेच चालतं, १२५-१२५ मेगावॉटची दोन मशिनं, तीच पाणी चढवतात अन् तीच उलटी फिरून वीज देतात. पण तिथं उंची आहे. तुमचं तळं २० लाख लिटरचं, २० मीटरवरून सगळं सोडलं तरी हिशोबाने १०९ युनिट, घट धरून ७०-८० हातात. तेच पाणी १ किलोमीटर खोल सोडा, ५० पट होतं! म्हणून तर जुन्या खोल खाणींकडे लोकांचं लक्ष आहे, वर एक तळं, खाली बोगद्यात दुसरं, दुपारी सोलरची वीज जास्त असली की पाणी चढवायचं, संध्याकाळी सोडायचं. ऑस्ट्रेलियात किडस्टनला सोन्याच्या जुन्या खाणीचे दोन खड्डे घेऊन २५० मेगावॉटचं काम हाती घेतलंय, ते उघडे खड्डे आहेत. आपली कर्नाटकातली कोलारची सोन्याची खाण ३ किलोमीटरच्या वर खोल, २००१ पासून बंद. खडक टिकला पाहिजे, खाणीचं पाणी लोखंड खातं, हे सगळं आहेच, तरी एवढी खोली आयती मिळते ही केवढी मोठी गोष्ट आहे. आपल्याकडे साक्रीतच १२५ मेगावॉटचा सोलर प्लांट आहे, सूर्य बुडला की तो थांबतो.

आबांनी खडू मागितला अन् स्टार्टरच्या पेटीवर १०९ लिहून घेतलं. त्या आठवड्यात त्यांची थ्री फेज रात्री ११ ला येत होती, नातवाला म्हणाले, टॉर्च चार्जिंगला लाव.