आमची वाटचाल : एका जहाजाने बदललेला धंदा

वडिलांनी मुंबईच्या दारूखान्यात, जुन्या जहाजांचा माल विकणाऱ्या बाजारात, गाळा घेतला तेव्हा जहाजाचं सागवान वखारीतल्या लाकडासारखंच विकलं जाई. दारं, पितळी पोर्टहोल (जहाजाच्या गोल खिडक्या), केबिनमधले आरसे, सगळा माल आला की निघाला. तो कुठल्या जहाजावरचा, हे कुणी विचारत नसे. आज आम्ही जुन्या जहाजांचं आतलं सामान दुरुस्त करून घरांत आणि हॉटेलांत बसवून देतो, आणि सर्वांत आधी त्याचं वय शोधतो. ही सवय मला 'फ्रान्स' या जहाजाने लावली.

गुजरातेतल्या अलंगच्या जहाजतोडणी किनाऱ्यावर ते 2006 मध्ये आलं तेव्हा त्याचं नाव 'ब्लू लेडी' होतं. त्रापजहून अलंगला जाणाऱ्या रस्त्यावरच्या, जहाजांचं जुनं सामान विकणाऱ्या वखारींत मी माल निवडायला जायचो. तिथे सगळ्यांच्या तोंडी तेच जहाज होतं, म्हणून मी त्याचा इतिहास वाचायला घेतला आणि त्यात पुरता गुंतलो.

फ्रान्समधल्या सॅं-नाझेरच्या गोदीत 1960 मध्ये पाण्यात उतरलेलं हे 316 मीटर लांबीचं जहाज 1962 पासून ल हाव्र या फ्रेंच बंदरातून न्यूयॉर्कला धावू लागलं. त्याआधी 'नॉर्मंडी' हे फ्रेंचांचं देखणं जहाज 1942 मध्ये न्यूयॉर्कच्या धक्क्यावर जळालं होतं. आगीची धास्ती इतकी, की 'फ्रान्स'च्या सजावटीत लाकडाऐवजी अ‍ॅल्युमिनियम, लॅमिनेट आणि कृत्रिम कापडावर भर दिला गेला. सागवानावर वाढलेल्या माझ्यासारख्याला हे आधी रुचलं नाही. नंतर कळलं, त्या काळाची खरी सही तीच.

1974 मध्ये जहाजाची सेवा बंद झाली. पुढे एका खरेदीदाराने 1977 मध्ये त्यातलं बरंच फर्निचर लिलावात काढलं. म्हणजे अलंगला येण्याच्या जवळजवळ तीस वर्षं आधीच हलवता येण्याजोगं पुष्कळसं सामान गेलं होतं.

नॉर्वेचे जहाजमालक क्नूट क्लोस्टर यांनी 1979 मध्ये ते घेतलं आणि बदल करायला जर्मनीतल्या ब्रेमरहाफेनला नेलं. टागे वँडबोर्ग यांनी नवी आखणी केली, आतली सजावट अँजेलो डोंघिया यांनी. अटलांटिक वेगाने ओलांडणारं जहाज आता कॅरिबियनमध्ये निवांत फिरणार होतं, म्हणून निम्मी इंजिनं काढली. प्रवाशांचे वर्ग मोडले. काचबंद फेरफटक्याच्या जागांत दुकानं आली आणि त्या गल्ल्यांना शाँझेलिझे, फिफ्थ अ‍ॅव्हेन्यू अशी नावं मिळाली. पहिल्या वर्गाचं 'शांबोर' भोजनगृह 'विंडवर्ड' झालं, पण त्याचा गोल घुमट त्यांनी राखला. या कामातली मला सर्वांत आवडलेली गोष्ट हीच. बदलायचं काय याइतकंच हात कशाला लावायचा नाही, हेही त्यांना कळत होतं.

1990 मध्ये वर आणखी दोन मजले चढले. त्या डौलदार आकृतीला ते मारकच ठरले, असं माझं मत. पण त्यांतल्या महागड्या केबिनींच्या उत्पन्नाने जहाजाला आणखी काही वर्षं तारलं. 2003 मध्ये मायामीत बॉयलरचा स्फोट झाला, आठ कर्मचारी गेले आणि ते पुन्हा प्रवाशांना घेऊन निघालंच नाही. जहाजातल्या अ‍ॅस्बेस्टॉसमुळे (फुप्फुसांना घातक तंतूंचं खनिज) तोडणीचा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि सप्टेंबर 2007 मध्ये परवानगी मिळाली. अ‍ॅस्बेस्टॉसचा जराही संशय असलेलं पॅनेल आम्ही घेत नाही. भाव कितीही उतरवला तरी नाही.

आता माल आला की आधी त्याची पाठ बघायची. स्क्रूची जुनी भोकं, रंगाचे थर, गोदीचे शिक्के यांवरून मूळ काम कोणतं आणि नूतनीकरणातलं कोणतं, हे बरंचसं उमगतं. प्रत्येक वस्तूसोबत जहाजाची सगळी नावं, गोदी आणि साल लिहिलेलं कार्ड देतो. 'वरचा थर खरवडून मूळचं काढा' असं गिऱ्हाईक म्हणालं, तर आधी समजावतो. 1980 चं लॅमिनेटही त्या जहाजाच्या आयुष्याचाच भाग आहे.

कोकणात, गोव्यात जहाजावर स्टुअर्ड किंवा सुतार म्हणून नोकरी केलेली पुष्कळ मंडळी आहेत. कोणतं लाउंज कधी बदललं, कोणत्या मजल्यावर कोणतं दार होतं, हे त्यांना ठाऊक असतं. त्यांनी गाळ्यावर जरूर यावं. ओळख न पटलेल्या मालाची एक रांग आम्ही त्यांच्यासाठी मुद्दाम वेगळी लावून ठेवली आहे.