६५ आणि ४५ हर्ट्झ: एकाच दिवशी आलेले दोन आवाज

जून, ओडोमीटर ४१,२१०

ताम्हिणीकडून परतताना माझ्या डिझेल, ऑटोमॅटिक, फोर-व्हील-ड्राइव्ह गाडीच्या मागून चिं-चिं सुरू झाली. चिमणीच्या पिल्लासारखी, बारीक आणि लयीत. वेग वाढला की लय वाढायची आणि ४०च्या पुढे टायरच्या आवाजात बुडून जायची. न्यूट्रलला उताराने सोडली तरी चालूच. म्हणजे इंजिनाशी संबंध नाही, रस्त्याच्या वेगाशी आहे. त्या दिवशी दोन ओढे पार केले होते, त्यातल्या एकात पाणी हबच्या वर होतं. प्रोपेलर शाफ्ट म्हणजे गाडीखालून मागच्या चाकांकडे ताकद नेणारा दांडा, आणि क्रॉस म्हणजे त्याच्या टोकाचा कोनात वळू शकणारा सांधा. त्या क्रॉसमधलं ग्रीस धुऊन गेलं की आतल्या सुया कोरड्या पडतात आणि असंच चिवचिवतात.

घरी आल्यावर चाकांना दगड लावले, गिअर न्यूट्रलला टाकला आणि खाली जाऊन शाफ्ट हाताने हलवून पाहिला. मागच्या क्रॉसला हाताला लागेल इतका प्ले, म्हणजे सैलपणा. टोपीच्या सीलभोवती गंजाची लालसर पावडर. ही पावडर दिसली की ग्रीस मारून उपयोग नसतो, क्रॉस बदलावाच लागतो.

तेवढ्यात मागच्या डिफरेन्शियलचा (शाफ्टची ताकद दोन्ही चाकांना वाटणारा दातेरी चाकांचा डबा) लेव्हल प्लग उघडून तेल बघून घेतलं. तेल स्वच्छ निघालं आणि जीवात जीव आला. घाटात तापलेलं हाउसिंग एकदम गार पाण्यात गेलं की आतली हवा आकसते. ब्रीदर (हवा आत-बाहेर जायची वाट) चिखलाने बुजलेला असेल तर ते सीलमधून पाणी ओढून घेतं आणि पुढच्या वेळी ताकासारखं दुधट तेल बाहेर येतं. माझ्या ब्रीदरची नळी मी दोन वर्षांपूर्वीच वर बॉनेटपर्यंत नेली आहे. ज्यांनी नेली नसेल त्यांनी पावसाच्या आधी न्यावी, अर्ध्या दिवसाचंही काम नाही.

जुलै, ४१,६४०

क्रॉस बदलला. ठरलेली सर्व्हिसही जवळ आली होती, म्हणून दोन्ही कामं एकाच फेरीत करून घेतली. पावतीवर माझ्या दृष्टीने महत्त्वाच्या दोनच ओळी: 'क्रॉस बदलला' आणि 'सॉफ्टवेअर अपडेट'. कसलं अपडेट, इंजिनाच्या कंट्रोलरचं की गिअरबॉक्सच्या, यावर काउंटरवर 'नवीन व्हर्जन आलंय, सगळ्या गाड्यांना करतोय' एवढंच उत्तर मिळालं.

चिवचिव गेली होती. पण सातारा रस्त्याला लागल्यावर ६५ ते ७५च्या मध्ये गाडी घुमायला लागली. कानापेक्षा छातीला जास्त जाणवेल अशी घूं. मध्येच ती दाट व्हायची, मध्येच विरळ. पायाखालच्या पत्र्याला मुंग्या आल्यासारखं व्हायचं. ८५च्या पुढे बरीच कमी.

पहिला संशय अपडेटवर गेला. गाडी चालत होती, अपडेट झालं, गाडी घुमायला लागली. हीच गाडी असलेल्या ओळखीच्या तिघांना फोन केले, तिघांचंही तेच मत पडलं. पण त्याच दिवशी क्रॉसही बदलला होता, ही गोष्ट मला झोपू देईना.

जुलै, ४१,७०५: वहीतलं गणित

आवाजाचा उगम शोधायचा तर प्रत्येक फिरणारा भाग सेकंदाला किती वेळा फिरतो हे आधी कागदावर हवं. टायरच्या कडेला खडूने रेघ मारली, सोसायटीच्या सपाट पार्किंगमध्ये चाकाचा एक पूर्ण फेरा होईल इतकी गाडी ढकलली आणि टेपने मोजलं: २.४१ मीटर. २५५/६५ आर १८ या आकड्यांवरून हिशेब केला तर २.४८ येतो, पण गाडीच्या वजनाने टायर खाली दबतो. मोजलेलाच आकडा धरायचा.

वेग धरला जीपीएसचा ७२. स्पीडोमीटर थोडा जास्तच दाखवतो, त्याच्यावर जाऊ नका. ७२ म्हणजे सेकंदाला बरोबर २० मीटर, म्हणजे चाकाचे ८.३ फेरे. माझ्या डिफरेन्शियलमधल्या क्राउन या मोठ्या दातेरी चाकाला ४३ दात, त्याला फिरवणाऱ्या पिनियनला ११, म्हणून प्रोपेलर शाफ्ट त्याच्या ३.९१ पट फिरतो: सेकंदाला ३२.४ फेरे. सहाव्या गिअरचं गुणोत्तर ०.६९, म्हणून इंजिन २२.४ फेरे, मिनिटाला साधारण १,३४५.

यावरून कोणता भाग कुठे बोलेल ते ठरतं. टायरचं बॅलन्सिंग बिघडलं असेल तर ८ हर्ट्झ (सेकंदाला ८ कंपनं), हे कानाला ऐकू येत नाही, स्टिअरिंगला जाणवतं. शाफ्टचा तोल गेला असेल तर ३२. क्रॉसच्या कोनाचा दोष असेल तर त्याच्या दुप्पट, ६५. चार सिलिंडरच्या इंजिनात क्रँकच्या एका फेऱ्यात दोन सिलिंडर पेटतात, म्हणून इंजिनाचा ठोका २२.४ गुणिले २, म्हणजे ४५. आणि क्राउन-पिनियन घासत असेल तर ८.३ गुणिले ४३, सुमारे ३५७. तो आवाज शिट्टीसारखा असतो, घुमत नाही.

क्रॉसचा आकडा दुप्पट का? क्रॉस कोनात फिरतो तेव्हा पुढची बाजू एकसारख्या वेगाने फिरत असली तरी मागची बाजू प्रत्येक फेऱ्यात दोनदा पुढे धावते आणि दोनदा मागे रेंगाळते. ६ अंशांच्या कोनाला हा फरक वर-खाली अर्ध्या टक्क्याहून थोडा जास्त असतो. म्हणूनच शाफ्टला दोन्ही टोकांना क्रॉस असतात. एकाने केलेला चढउतार दुसरा उलट करून मिटवतो. पण त्यासाठी शाफ्टच्या दोन्ही टोकांचे योक (क्रॉस धरणारी दुबेळकी) एकाच पातळीत हवेत.

जुलै, ४१,८३०: मोजणी

पहाटे पाचला भाच्याला घेऊन निघालो. फोनवर फायफॉक्स हे ॲप, जर्मनीत आखेनच्या तांत्रिक विद्यापीठात तयार झालेलं आणि फुकट. त्यातला कंपनांचा स्पेक्ट्रम (किती हर्ट्झला किती कंपन ते दाखवणारा आलेख) वापरला, माइकचा नाही. फोनचा माइक इतके खालचे सूर नीट पकडत नाही. उलट कंपनाचा सेन्सर बऱ्याच फोनांत सेकंदाला २०० वेळाच वाचला जातो, म्हणून त्याच्यावर १०० हर्ट्झच्या वरचं काही शोधायला जाऊ नका. फोन सीटच्या रुळाला प्लास्टिकच्या पट्ट्यांनी घट्ट आवळला. मांडीवर किंवा सीटवर ठेवून केलेल्या मोजणीला अर्थ नाही.

७२वर स्थिर ठेवली. भाचा म्हणाला, "मामा, दोन शिखरं आहेत. एक पंचेचाळीसला, एक पासष्टच्या जरा अलीकडे."

दोन! आवाज दाट-विरळ का होत होता ते तिथे कळलं. दोन वेगवेगळे उगम एकाच वेगाला बोलत होते.

मग त्यांना वेगळं केलं. मॅन्युअल मोडमध्ये चौथा गिअर धरला, वेग तोच ७२. इंजिन २,२५०वर गेलं. ४५चं शिखर तिथून उठून ७५वर गेलं आणि एकदम बुटकं झालं. ६५चं जागचं हललं नाही. पुन्हा सहावा. मोकळा रस्ता पाहून ॲक्सिलरेटर तसाच ठेवून डाव्या पायाने ब्रेक पेडलला नुसता स्पर्श केला, ब्रेकचा दिवा लागेल इतकाच. टॉर्क कन्व्हर्टर इंजिनाची ताकद तेलातून गिअरबॉक्सकडे नेतो, आणि त्यातला लॉक-अप क्लच दोन्हींना थेट जोडतो. बहुतेक ऑटोमॅटिकमध्ये ब्रेकच्या तेवढ्या स्पर्शाने हा क्लच सुटतो. आरपीएम शंभर-सव्वाशेने वर चढले आणि ४५चा घुमार बटण बंद करावं तसा थांबला. ६५ तसाच. (हे मागे-पुढे कोणी नसतानाच करा, आणि सोबत आकडे वाचणारा माणूस हवाच.)

६५ शाफ्टचा आणि ४५ लॉक-अपचा. परत येताना खंबाटकीच्या बोगद्यात काचा खाली करून ऐकलं. भिंतींवरून आवाज परततो तेव्हा मागच्या चाकांजवळची घूं अगदी सुटी ऐकू येते. आता ती कुठून येते ते ठाऊक होतं, म्हणून असेल कदाचित, पण मला ती खालून, मधोमध ऐकू आली.

ऑगस्ट, ४२,०१०: शाफ्ट

भोसरीतल्या ज्या काकांकडे मी जुन्या गाडीपासून जातो, त्यांच्या रॅम्पवर गाडी चढवली. मी आकडे सांगायला सुरुवात केली, तर ते टॉर्च घेऊन खाली गेलेसुद्धा. मिनिटभराने आवाज आला, "साहेब, इकडे या. हा योक बघा आणि तो बघा."

एक योक सरळ उभा, दुसरा जरा कलंडलेला. लक्ष देऊन पाहिलं तरच दिसेल इतका. क्रॉस बदलताना शाफ्ट स्लिपमधून (शाफ्टचे दोन भाग एकमेकांत सरकतात तो खाचांचा सांधा) सुटा केला होता आणि परत बसवताना एक खाच पुढे बसला होता. माझ्या स्लिपवर १६ खाचा आहेत, म्हणजे एका खाचेला साडेबावीस अंश. वहीत हिशेब केला: इतकं चुकलं की एका क्रॉसचा सुमारे तीन-चतुर्थांश चढउतार न मिटता तसाच गाडीत येतो.

"उघडायच्या आधी खूण मारायची, एवढंच काम असतं," काका म्हणाले. त्यांनी वायर ब्रशने चिखल आणि रंग खरवडला, तेव्हा स्लिपच्या दोन्ही अंगांना कारखान्यातच ठोकलेले बाण निघाले. काही शाफ्टांना एक खाच मुद्दाम रुंद ठेवलेली असते, तिथे चूक होऊच शकत नाही. माझ्या शाफ्टला ती नाही. बाणासमोर बाण आणून बसवला, स्लिपला आणि दोन्ही क्रॉसला ग्रीस भरलं, फ्लँजचे बोल्ट टॉर्क रेंचने आवळले. नंतर मी पांढऱ्या ऑइल पेंटने दोन्ही बाणांवरून एक सरळ रेघ ओढली. आता पुढच्या कोणालाही चिखल न खरवडता ती दिसेल.

त्याच संध्याकाळी ७२वर मोजणी. ६५चं शिखर गेलं. नुसतं कमी झालं नाही, आलेखाच्या तळाशी गवतासारख्या दिसणाऱ्या बारीक रेघांत मिसळून गेलं. पायाखालच्या मुंग्या थांबल्या. मी पुढच्या टोलनाक्यापर्यंत गाडी उगाचच नेली.

ऑगस्ट, ४२,३६०: सॉफ्टवेअर

उरला ४५. इथे जुनी वही कामाला आली. ओबीडी पोर्टला (गाडीच्या कंट्रोलरांची माहिती वाचायचं सॉकेट) साधा ब्लूटूथ डोंगल लावला की गाडीच्या माहितीच्या पानावर कंट्रोलरचा कॅलिब्रेशन क्रमांक दिसतो, आणि त्याच्याशी जोडलेला पडताळणीचा आकडाही. सॉफ्टवेअर बदललं की हे आकडे बदलतात. गाडी घेतली तेव्हा मी त्या पानाचा फोटो काढून ठेवला होता. आता पाहिलं: इंजिनाचे आकडे तेच, गिअरबॉक्सचे नवे. काउंटरवर न मिळालेलं उत्तर गाडीनेच दिलं.

वहीत मार्चच्या पानावर नोंद आहे: सपाट रस्त्यावर हलक्या पायाने सहावा गिअर ८२ला पडतो. आता तो ६६ला पडतो आणि लॉक-अप लगेच लागतो. लागला आहे हे कसं कळतं? ७२ला हिशेबाने १,३४५ येतात आणि ॲपवर १,३४० ते १,३५० दिसतात, म्हणजे कन्व्हर्टरमध्ये घसर अजिबात नाही. घसर नाही म्हणजे डिझेल वाचतं, तेल कमी तापतं. पण इतक्या खालच्या आरपीएमला डिझेलचा प्रत्येक ठोका थेट शाफ्टमध्ये उतरतो. क्लचमधल्या डँपरच्या (धक्के शोषणाऱ्या भागाच्या) स्प्रिंगा इतके जड आणि सावकाश ठोके पुरते गिळू शकत नाहीत, आणि मागच्या केबिनचा पत्रा त्या सुरात सूर मिसळतो.

यात काही मोडलेलं नाही, हे मला नीट सांगायचं आहे. या आवाजासाठी गिअरबॉक्स उघडू देऊ नका. मी आता ६० ते ७८मध्ये पाचवा धरून ठेवतो, घुमार नाही. सर्व्हिस सेंटरला दोन्ही मोजण्यांचे फोटो, कॅलिब्रेशन क्रमांक आणि वेग-गिअर-आरपीएम असं एका कागदावर लिहून दिलं. या वेळी तो कागद वर्कशॉपमधल्या माणसाने शेवटपर्यंत वाचला आणि स्वतः शेजारी बसून चक्कर मारली. ब्रेक पेडलचा प्रयोग पाहून त्याने मान डोलावली आणि तक्रार पुढे पाठवली.

अपडेटनंतर पहिले शे-दोनशे किलोमीटर दुसरा-तिसरा गिअर जरा धक्क्याने पडत होते, तेही आता थांबलं. बऱ्याच गिअरबॉक्सच्या अपडेटमध्ये आतल्या क्लचमध्ये तेल भरायला किती वेळ लागतो याचे शिकलेले आकडे पुसले जातात आणि गिअरबॉक्स ते पुन्हा शिकतो, तेल पुरेसं गरम असतानाच. म्हणून अपडेटनंतर लगेच घाईने निष्कर्ष काढू नये, निदान दोन-तीन लांब फेऱ्या होऊ द्याव्यात. अपडेट चालू असताना बॅटरीला चार्जर लावला आहे ना, एवढं मात्र उभं राहून पाहा. मध्येच व्होल्टेज पडलं तर कंट्रोलर अर्धवट लिहिलेल्या अवस्थेत अडकू शकतो.

सप्टेंबर, ४२,७९०

मुळशीच्या बाजूला लाल चिखलात अर्धा दिवस. ४एल (फोर-व्हील-ड्राइव्हची सावकाश, जास्त ताकदीची रेंज), दुसरा गिअर. एक चाक हवेत गेलं की पायाखाली गर्रर्र-टकटक. सोबतच्या नव्या गाडीवाल्याने काळजीने थांबायची खूण केली, त्याला वाटलं माझा पुढचा ॲक्सल गेला. तो एबीएसचा पंप होता. मोकळ्या फिरणाऱ्या चाकाला ब्रेक लावून ताकद दुसऱ्या चाकाकडे पाठवताना तो असाच ओरडतो. वळताना पुढच्या चाकातून एकेक सुटी कटकट आली असती तर मीही थांबलो असतो, ती सीव्ही जॉइंटची, म्हणजे पुढच्या चाकाला ताकद देणाऱ्या सांध्याची खूण. पंपाचा आवाज चाकाला पकड मिळताच बंद होतो.

घरी येऊन ग्रीस भरायचे सगळे निप्पल पुसून ग्रीस मारलं, जुनं ग्रीस पाण्यासकट बाहेर येईपर्यंत. पांढरी रेघ जागेवर आहे. ७२ला पाचव्यात मोजलं तर स्पेक्ट्रम सपाट, सहाव्यात ४५ तसाच. नवीन कॅलिब्रेशन आलं की ते चढवण्याच्या आदल्या दिवशी आणि दुसऱ्या दिवशी रस्त्याच्या त्याच पट्ट्यावर, टायरमध्ये तितकीच हवा भरून पुन्हा मोजणार आहे. ज्यांच्या ऑटोमॅटिकला हाच घुमार आहे त्यांनी सहावा कितीला पडतो आणि गिअरबॉक्सचा कॅलिब्रेशन क्रमांक काय, एवढं पाठवावं. टायरचा फेरा टेपने मोजून, जीपीएसच्या वेगासकट.