करड्या रीफ शार्कसोबतची डाइव्ह: उडीपासून शिडीपर्यंत

शार्कच्या डाइव्हमध्ये सगळ्यांचं लक्ष तळाशी काय दिसणार याकडे असतं. माझ्या अनुभवाने जास्त जपायचं ते वर, पृष्ठभागावर आणि मधल्या उघड्या पाण्यात. पाय झाडत तरंगणाऱ्या माणसाची कंपनं जखमी माशासारखीच अनियमित असतात आणि कमी वारंवारतेची ही कंपनं शार्कला फार दुरून कळतात. म्हणून मास्क, रेग्युलेटर (सिलिंडरमधली हवा तोंडात देणारं उपकरण), सिलिंडरचा दाब बोटीवरच तपासून घेतो. उडी मारली, बडीला, म्हणजे जोडीदार डायव्हरला, खूण केली की लगेच खाली.

अंगठी, चकाकणारं घड्याळ बोटीवरच ठेवतो, कारण पाण्यात त्यांची चमक माशाच्या खवल्यांसारखी दिसते. हातात काळे मोजे, आणि हात छातीशी दुमडलेले. पाणी गढूळ असेल किंवा जवळपास कोणी भाल्याने मासे मारत असेल तर उतरतच नाही. तडफड आणि रक्त एकत्र आलं की एरवी अंतर राखणारा शार्कही थेट जवळ येतो.

तळाशी पोहोचल्यावर प्रवाळाच्या भिंतीकडे पाठ करून थांबतो, भिंतीला न टेकता. करडा रीफ शार्क सुरुवातीला कुतूहलाने बराच जवळ येतो, एक फेरी मारतो आणि बहुतेक वेळा त्याचा रस संपतो. या वेळात नजर त्याच्यावर ठेवायची आणि श्वास संथ ठेवायचा, एवढंच काम.

खरी ओळखायची गोष्ट म्हणजे त्याचा इशारा. नाक वर उचललेलं, पाठ कमानीसारखी वाकलेली, छातीचे दोन्ही पर ताठ खाली आणि पोहताना डोकं व शेपूट नेहमीपेक्षा जास्त हेलकावणारं. जॉन्सन आणि नेल्सन या संशोधकांनी 1973 मध्ये याचं तपशीलवार वर्णन केलं. वाट अडली किंवा पाठलाग झाला की हा पवित्रा अधिक तीव्र होतो, असं त्यांना दिसलं. नुसते पर खाली गेले म्हणून घाबरू नये. वेग कमी करताना, वळतानाही ते खाली जातात. चारही खुणा एकत्र दिसल्या तर मात्र पुढचा टप्पा चावा असू शकतो.

बहुतेक वेळा हे आपणच ओढवून घेतो. कोणी कॅमेरा घेऊन मागे लागतो, किंवा गट अर्धवर्तुळात पसरतो आणि भिंत व माणसं यांच्यामध्ये शार्क अडकतो. अशा वेळी मी जागीच थांबतो, तोंड त्याच्याकडे ठेवतो आणि मोकळ्या पाण्याची बाजू रिकामी करत तिरका मागे सरकतो. घाईने वर जायचं नाही. त्यात फुप्फुसाला धोका आहेच, शिवाय आधार सोडून उघड्या पाण्यात जाणं होतं.

क्लीनिंग स्टेशनवर, म्हणजे छोटे मासे मोठ्या माशांचे परजीवी टिपतात त्या जागी, तोच प्राणी वेगळा भासतो. वेग मंदावतो, डोकं थोडं वर होतं, जबडा उघडतो आणि बोटभर लांबीचा, निळ्या-काळ्या पट्ट्यांचा क्लीनर रास हा मासा कल्ल्यांच्या फटींत शिरून परजीवी टिपू लागतो. जो मासा एका घासात गिळता येईल त्याला शार्क तोंडात फिरू देतो! हे पाहताना मी तळालगत, पाच-सहा मीटर लांब राहतो. वरून पोहत गेलं की बुडबुड्यांच्या आवाजाने शार्क निघून जातो आणि त्याची सफाई अर्धवट राहते.

परतताना मिनिटाला 9 मीटरपेक्षा सावकाश वर येतो. 5 मीटरवर 3 मिनिटांचा सेफ्टी स्टॉप, म्हणजे वर येण्याआधीचा सुरक्षेचा थांबा, बडीच्या पाठीला पाठ लावून, उभ्यानेच हळू वळत करायचा, म्हणजे चारही बाजू आणि खालचं पाणी दिसत राहतं. शिडीशी एकाने चढायचं, बाकीच्यांनी चेहरा पाण्यात ठेवून खाली पाहत राहायचं. शिडी घट्ट धरल्याशिवाय फिन काढायचे नाहीत, आणि बोटीत पाय पडेपर्यंत मास्क डोळ्यांवर, रेग्युलेटर तोंडात.