रानातली काळी माती चाकावर आणताना

शेतात वाढलेल्या माणसाला वाटतं, माती आपल्याला कळते. मलाही वाटायचं. चाकावर बसल्यावर लक्षात आलं की कापसाची लाडकी माती मडक्याची वैरीण असते, आणि दोन्हीचं कारण एकच. काळ्या मातीत मॉन्टमोरिलोनाइट नावाचं खनिज भरपूर असतं. त्याच्या पापुद्र्यांमध्ये पाणी शिरलं की माती फुगते, पाणी गेलं की आकसते. त्यामुळे उन्हाळ्यात रानाला भेगा पडतात, आणि त्यामुळेच ती ओल धरून ठेवते. भांडं मात्र याच गुणापायी सुकतानाच तडकतं.

नुसत्या काळ्या मातीची पट्टी करून तिच्यावर १० सेंमीची रेघ मारली होती. सुकल्यावर ती ८.६ सेंमी भरली. म्हणजे १४ टक्के आकस, तोही भाजण्याआधी. सुकताना ६ ते ८ टक्क्यांपर्यंत असेल तर काम होतं. म्हणून कुठलीही नवी माती आणली की आधी ही पट्टी, मग बाकीचं.

माती उन्हाळ्यात काढावी. वरचा फूटभर थर सोडून द्यायचा, कारण त्यात मुळं, काडीकचरा आणि खतांचे क्षार असतात. नांगरायला वापसा लागतो, इथे मात्र वापशाची माती अजिबात नको. ओलसर ढेकूळ पाण्यात तसंच बसून राहतं. कडकडीत वाळलेलं ढेकूळ पाण्यात पडताच फसफसत सुटतं. ढेकळं हरभऱ्याएवढी फोडून पिंपात टाकतो, वर चार बोटं पाणी ठेवतो आणि एक दिवस हात लावत नाही. लगेच ढवळलं तर गुठळ्यांवर चिकट साल धरते आणि आत कोरडंच राहतं.

मग गाळणं, आणि इथे कंटाळा करू नये. काळ्या रानात चुनखडीचे पांढरे खडे हमखास असतात. चिमूटभर मातीवर लिंबू पिळून पाहा, बुडबुडे आले तर चुना आहे. भट्टीत त्या खड्याचा कळीचा चुना होतो. भांडं छान भाजून निघतं, चार दिवसांनी हवेतली ओल पिऊन आतला खडा फुगतो आणि वरची खपली उडवतो. खपलीखाली पांढरा ठिपका दिसला की दोषी कोण ते कळतं. म्हणून राळा, म्हणजे पाण्यात कालवलेली पातळ माती, आधी जाड जाळीतून, मग ८० नंबरच्या (इंचाला ८० छिद्रांच्या) जाळीतून काढायचा. तेवढा बारीक चुना राहिला तरी उपद्रव करत नाही. राळा निवळला की वरचं पाणी दोन-तीनदा बदलतो, त्याबरोबर क्षारही जातात. नाहीतर भाजलेल्या भांड्यावर पांढरी बुरशीसारखी झाक येते.

घट्ट राळा वाळूच्या थरावर जुनं सुती लुगडं अंथरून त्यावर ओततो. काळी माती पाणी सोडायला फार कुरकुरते, आठवडा धरून चाला.

माझं सध्याचं प्रमाण कोरड्या वजनावर असं आहे: काळी ३ किलो, तळ्याच्या गाळातली तांबूस माती ५ किलो, विटांची भुकटी २ किलो, ३० नंबरच्या जाळीतून चाळलेली. भुकटी आधीच भाजलेली असल्याने आकसत नाही आणि आतल्या पाण्याला वाट देते. (कुंभार लीद मिसळतात, तिचंही एक काम हेच.) भुकटी चाळताना मास्क लावा, ती धूळ फुप्फुसात बसते. मिश्रण तीन आठवडे प्लॅस्टिकमध्ये बांधून ठेवलं की माती लवचीक होते. वास येतो, येऊ द्यावा.

चाकावर तळ बोटांनी नीट दाबून घ्या, नाहीतर सुकताना तिथे ‘एस’सारखी चीर पडते. काठ आधी सुकतो, म्हणून त्यावर ओलसर फडकं. भांडं हाताळण्याइतकं टणक झालं की पालथं. एकूण दहा दिवस सावलीत.

भट्टीत १२० अंशांपर्यंत तीन तास लावतो. ओल राहिली असेल तर तिची वाफ इथेच भांडं फोडते. पुढे ६०० पर्यंत ताशी शंभरच्या आत. कारण ५७३ अंशांना वाळूतलं स्फटिक एकदम प्रसरण पावतं. ७०० ते ९०० दरम्यान घाई केली तर मातीतला सेंद्रिय अंश पूर्ण जळत नाही, फोडल्यावर भिंतीचा गाभा काळा दिसतो. ९५० ला अर्धा तास थांबून बंद. काळी माती विटकरी होऊन बाहेर येते. चुन्याची शंका असेल तर भांडी गार होताच तासभर पाण्यात बुडवून ठेवतो, म्हणजे चुना तिथेच पाण्यात विरतो, पुढे हवेतली ओल पिऊन खपली उडवत नाही.

उरलेल्या काळ्या मातीचा झिलईसाठी, म्हणजे भांड्यावरच्या काचेसारख्या थरासाठी, उपयोग होतो. लोह, चुना आणि क्षार असल्याने १२४० अंशांच्या स्टोनवेअर (जास्त तापमानाला भाजायच्या टणक भांड्यांच्या) भट्टीत ती वितळून तपकिरी-काळी झिलई झाली. फक्त कच्ची लावली तर सुकताना पापुद्रे सुटतात; म्हणून या मातीची अर्धी भुकटी आधी ८०० ला भाजून उरलेल्या कच्च्या अर्धीत मिसळतो. वितळून ती खाली ओघळते, तेव्हा तळाकडची दोन सेंमी पट्टी कोरी सोडा, नाहीतर भांडं भट्टीच्या फरशीला चिकटतं.