बसण्याचं दुखणं

शुगर, बीपी, गुडघे हे चारचौघांत मिरवायचे आजार. संध्याकाळी ठाण्याच्या तलावपाळीला फेऱ्या मारणारे काका आपल्या शुगरचे आकडे शेअरच्या भावासारखे सांगतात. मूळव्याधीचं नाव मात्र कोणी काढत नाही. फार तर ‘जरा उष्णतेचा त्रास आहे’ म्हणायचं आणि विषय बदलायचा. या दुखण्याबद्दल मोठ्याने बोलतात ते फक्त रेल्वेलाइनच्या कडेच्या भिंतींवरचे फलक: ‘मूळव्याध, भगंदर, ऑपरेशनशिवाय’. ठाण्याला गाडीत रिकामी सीट सोडून कोणी दाराशी उभं राहिलं, तर त्याला वाऱ्याची हौस आहे असंच समजावं. विचारू नये.

खरं तर लाजण्यासारखं यात काही नाही. रक्तवाहिन्यांच्या मऊ गाद्या गुदद्वाराच्या आत प्रत्येकालाच असतात आणि दार नीट मिटायला त्यांची मदत होते. कुंथून, खडा धरून, तासन्‌तास बसून त्यांच्यावर ताण आला की त्या फुगतात, खाली सरकतात. हेच मूळव्याधीचे मोड. आतला मोड सहसा दुखत नाही, नुसतं लाल रक्त दाखवतो. बाहेरचा मात्र बसू देत नाही.

नौपाड्यातल्या जुन्या चाळींत संडास गॅलरीच्या टोकाला असायचा. बाहेर डबे घेतलेली रांग, आणि जरा उशीर झाला की कडी खडखडायची. आत रेंगाळायची कोणाची छाती नव्हती. आता घोडबंदरच्या फ्लॅटमध्ये दोन-दोन टॉयलेटं आली आणि माणसाला घरात एकांताची एवढीच खोली उरली. तिथे तो मोबाईल घेऊन जातो. कमोडच्या कड्यावर बूड टेकलेलं, मध्ये खाली आधार नाही, आणि सोसायटीच्या ग्रुपवर पार्किंगचं भांडण रंगलेलं. काम केव्हाच उरकलेलं असतं, भांडण उरकत नाही. बोस्टनच्या एका रुग्णालयात कोलोनोस्कोपीला, म्हणजे दुर्बिणीने मोठं आतडं तपासून घ्यायला आलेल्या १२५ जणांना डॉक्टरांनी याबद्दल विचारलं होतं. २०२५ साली ते निष्कर्ष छापून आले. टॉयलेटमध्ये फोन नेणाऱ्यांत मूळव्याधीची शक्यता ४६ टक्क्यांनी जास्त दिसली. फोनमुळेच होते असं त्यातून सिद्ध होत नाही, पण मला एवढं पुरेसं आहे. आमच्याकडे फोन वॉशिंग मशीनवर ठेवूनच आत जायचं. मुलाच्या मते हा मानवी हक्कांचा भंग आहे.

दुसरा बदल स्टुलाचा. माळ्यावरचे डबे काढायला आणलेलं बुटकं प्लास्टिकचं स्टूल आता कमोडपुढे असतं. त्यावर पाय ठेवले की गुडघे कमरेच्या वर येतात, आतड्याच्या शेवटच्या टोकाला असलेला बाक सरळ होतो आणि कुंथावं लागत नाही. पूर्वी उकिडवं बसून हे फुकटात व्हायचं. सासूबाई गावाहून आल्या, त्यांनी स्टूल उचलून बाहेर ठेवलं. कारण सांगितल्यावर म्हणाल्या, “मग ते खुर्चीसारखं बसवलंच कशाला?” उत्तर नव्हतं.

खाण्याचं सगळ्यांनाच पाठ असतं. दिवसाला २५ ते ३० ग्रॅम चोथा पोटात जायला हवा. भाकरी, मोडाची उसळ, गवार, पेरू. मिसळीला उगीच बदनाम करतात. तिच्यातली मटकी तर औषधच, खोट निघते ती मैद्याच्या पावात. तर्रीने मूळव्याध होत नाही, असलेलीची आग होते. इसबगोल घ्यायचं तर भरपूर पाण्याबरोबर, नाहीतर ते आतच फुगून अडून बसतं. आणि पाण्याची खरी अडचण बायकांना विचारा. स्टेशनवरच्या स्वच्छतागृहाच्या भीतीने कित्येकजणी घरातून निघताना घोटभर पाणीही पीत नाहीत.

सकाळी चहा-नाश्ता पोटात गेला की आतडं आपणहून हलतं. नेमकी तीच फास्ट लोकलची वेळ. शरीराची हाक दाबून आपण रिक्षा पकडतो. थांबलेल्या मळातलं पाणी आतडं शोषून घेतं आणि दुसऱ्या दिवशी खडा. अर्धा तास आधी उठणं हा मला सगळ्यांत कडू उपाय वाटतो, आणि सगळ्यांत गुणकारी.

दुखणं उठलंच तर कोमट पाण्यात दहा-पंधरा मिनिटं बसावं. बाळाच्या अंघोळीचा टब बऱ्याच घरांत पडून असतो, त्यात मोठ्या माणसाने मावण्याची कला आपोआप येते. पण रक्त दिसलं की ‘मूळव्याधच असणार’ असं स्वतःच ठरवू नये. चाळिशी उलटलेली असेल, वजन घटत असेल, शौचाची सवय बदलली असेल, तर आतड्याची तपासणी हवी. मूळव्याधच निघाली तरी दर वेळी चिरफाड लागते असं नाही. आतल्या मोडाला पुष्कळदा छोटासा रबर बँड लावतात, रक्तपुरवठा तुटून मोड गळून पडतो. ॲडमिट व्हावं लागत नाही, चहाच्या वेळेला माणूस घरी. कोणी विचारलंच, तर बँकेत गेलो होतो म्हणावं.