पिशवीचा काही नवस नसते

नवस बाबांचा, त्रिशूल सात किलोचा, खांदा मात्र माझा. बाबांचे गुडघे गेले म्हणून यंदा महाशिवरात्रीला तो त्रिशूल वाहायला मी वरूडहून पचमढीजवळच्या चौरागडच्या महादेवाला निघालो, छिंदवाड्यावरून जुन्नारदेवपर्यंत गाडीनं अन् तिथून पायी. वाटेतली पहिली पायरी अन् भुरा भगत ही ठाणी झाली, मुक्काम दोन झाले की तीन ते आता नीट आठवत नाही, थंडी तेवढी आठवते अन् शेजारच्या काकांचं घोरणं. मंडळी पहाटे चारलाच हर बोला हर हर महादेव सुरू करायची, मला आधी रागच यायचा.

सांगायचंय ते त्या दुपारचं. नवीन बूट घेतले होते, घरचे सगळे चप्पल घाल म्हणत होते तरी. टाचेचा फोड फुटला, मोजा चिकटला, मंडळी पुढं गेली अन् मी सागाखाली त्रिशूल टेकवून बसलो. कितीतरी जण हर हर करत बाजूनं गेले, थांबलं कोणी नाही, देवाच्या वाटेवर एवढी घाई कशाची असते कोण जाणे. मग एक मावशी आली, आर्वीकडची, डोक्यावर गाठोडं, पायात साधी स्लिपर. तिनं बूट काढायला लावला, खोबरेल चोपडलं, जुनं फडकं बांधून दिलं. मी लाजत लाजत म्हटलं, मावशी, थोडा वेळ त्रिशूल धरता का?

"त्रिशूल तुहा तूच ने बापू, नवस तुह्या घरचा हाय. पिशवीचा काही नवस नसते, ते दे इकडे."

अन् पिशवी घेऊन अशी सुटली की दोन वळणांत दिसेनाशी. तेव्हा डोक्यात आलं, पैसे पिशवीत, चार्जर पिशवीत, आईनं दिलेला चिवडा पण. मावशीचं नावही विचारलं नव्हतं. पुढचा तासभर तोंडात महादेव अन् मनात नुसती पिशवी. शेवटच्या चढाखाली चहाच्या टपरीवर बसलेली दिसली, पिशवी मांडीवर.

"चिवडा खाल्ला बापू थोडासा, भूक लागली होती."

थोडासा कसला, निम्मा! चहाचे पैसे मात्र तिनंच दिले.

आपल्या चिखलदऱ्याजवळचं वैराट शिखर 1177 मीटर, चौरागड 1300 च्या वर. चिखलदऱ्याला गाडीनं जाऊन डोंगर पाहिला म्हणणाऱ्यांनी इथं बोलू नये, मी पण त्यातलाच. वर त्रिशूलांचं नुसतं रान. आपला ठेवला, खांदा एकदम रिकामा झाला अन् उगीचच रडू आलं. दर्शन म्हणाल तर दोन सेकंद, मागून धक्का. उतरताना पचमढीकडच्या तेराशेवर पायऱ्या, तिथला दुकानदार सरळ मराठीतच भाव सांगत होता. 1956 पर्यंत आपण विदर्भवाले अन् हे इकडचे सगळे एकाच राज्यात होतो, नंतर मधात सीमा आली, पण महादेवाले ते कोणी कळवलेलं दिसत नाही.

घरी बाबांना फोटो दाखवला. त्यांनी मोबाईल डोळ्याजवळ नेला, लांब धरला.

"यातला आपला कोणता?"

मी अंदाजानं एकावर बोट ठेवलं.

"हा नोहे. आपल्याचा दांडा वाकडा होता."